बैसाणे नाना आणि माझा डावा पाय

आमच्या शेजारचे बैसाणे नाना माणसाची तब्येत विचारत नाहीत. तो ज्या गाडीतून आला तिची विचारतात. गेल्या उन्हाळ्यात माझी आई चाळीसगावहून एसटीने आमच्याकडे धुळ्याला आली. रिक्षातून उतरून ती पायरीवर टेकते न टेकते तोच कुंपणापलीकडून नानांनी विचारलं, बस कशी होती. आई म्हणाली, गर्दी फार होती. नाना म्हणाले, तसं नाही ताई, गिअर बदलताना आवाज कसा येत होता? आईने मला आत नेऊन हळूच विचारलं, हे गृहस्थ एसटीत नोकरीला होते का. मी म्हटलं, नाही, ते ढोरांच्या दवाखान्यात होते.

आणि ते खरंच आहे. नाना पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. साक्री, शिरपूर, पारोळा, जिथे बदली झाली तिथल्या गाईम्हशी त्यांनी तपासल्या. निवृत्तीनंतर हाताशी जनावर उरलं नाही, तेव्हा ते गाड्यांकडे वळले. तपासायची पद्धत मात्र तीच राहिली. गाडीजवळ ते कधी समोरून जात नाहीत, बाजूने जातात. आधी बॉनेटवर तळहात ठेवतात आणि बराच वेळ तसाच राहू देतात. मग कान लावतात. मालक मध्ये बोलला तर दबक्या आवाजात म्हणतात, "घाई नका करू, बुजी जाई." बॉनेट उघडून आत वास घेतात. गाडी रात्री कुठे उभी असते, उन्हात की सावलीत, तिला शेवटचं पाणी कधी दाखवलं, असे प्रश्न विचारतात. शेवटी निदान सांगण्याआधी त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: "गाडी बोलस, आपले ऐकता येवाले जोयजे." गाडी बोलते, आपल्याला ऐकता यायला हवं.

निदान निम्म्या वेळा चुकतं. समोरच्या देवरे वकिलांच्या गाडीला त्यांनी एकदा 'पोटफुगी' सांगितली होती. डिकीत विसरलेला फणस निघाला. पण नाना खजील झाले नाहीत. वास आला होता की नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे नानांना गाडी चालवता येत नाही. तरुणपणी एकदा त्यांनी प्रयत्न केला होता. वळणावर गाडी थांबवायची वेळ आली तेव्हा ते ब्रेक दाबायचं सोडून, बैलाला थांबवतात तसं "हो, हो" म्हणत राहिले आणि गाडी कडब्याच्या गंजीत शिरली. त्या दिवसापासून स्टिअरिंग बायकोच्या हातात.

त्यांची बायको म्हणजे शकूअक्का. पारोळ्याच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि धुळ्याहून रोज स्वतः गाडी चालवत जायच्या. पहिली काही वर्षं गाडी आली की गावातल्या बाया दारात येऊन बघायच्या, असं नाना सांगतात. नाना शेजारच्या सीटवर बसून पारोळ्याच्या दवाखान्यापर्यंत जायचे, तिथे उतरायचे, आणि संध्याकाळी परत त्याच ठिकाणी उभे असायचे. हे सगळं मी ऐकलेलं. आम्ही या कॉलनीत राहायला आलो तेव्हा अक्कांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि त्यांच्या गाडीवर खोळ चढलेली होती. अक्का मला दिसायच्या त्या खिडकीच्या गजाआड, पेपर वाचताना. हसून मान हलवायच्या. बाहेर मात्र यायच्या नाहीत.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, कारण या हकिकतीतला आजारी प्राणी मी आहे.

मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो. घसारा हा माझा हातखंडा विषय. यंत्र कसं झिजतं, दरवर्षी त्याची किंमत किती कमी धरायची, हे मी फळ्यावर इतकं सोपं करून सांगतो की मागच्या बाकावरची मुलंही जागी राहतात. आणि मी जी जुनी लहान गाडी घेतली, तिचा क्लच रोज माझ्या डाव्या पायाखाली झिजतो आहे हे मला कळलं नाही. पाय सतत क्लचवर. सिग्नलला, चढावर, अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा. मला वाटायचं, गाडी आपल्या ताब्यात आहे हे गाडीला जाणवत राहिलं पाहिजे.

मग लळिंगचा घाट झाला. गाडीत माझी बायको सुनीता आणि सासूबाई. पुढे एक ट्रक रांगत होता आणि त्याच्या मागे मी हाफ क्लचवर गाडी लोंबकळत ठेवली होती. मध्येच इंजिनाचा आवाज चढला, गाडी मात्र होती तिथेच. मी अॅक्सिलरेटर आणखी दाबला. आवाज आणखी चढला. मग जळका वास आला. सासूबाई म्हणाल्या, सुनीता, गॅस बंद करून निघालीस ना? सुनीताने माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की वास घरचा नाही, इथलाच आहे. मागच्या ट्रकवाल्याने खाली उतरून मला पाय काढायला सांगितलं. कुठला पाय, असं मी त्याला विचारलं. तो परत जाऊन आपल्या ट्रकमध्ये बसला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नानांना वास आला की सुनीताने सांगितलं, मला माहीत नाही, पण सकाळीच ते आमच्या फाटकात होते. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पाणी प्यायचा पितळी पेला. पेला बॉनेटला लावून त्यांनी कान टेकला. मग मला आत बसायला सांगितलं. हँडब्रेक ओढा, इंजिन चालू करा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. मी म्हटलं, अशाने गाडी बंद पडेल. ते म्हणाले, तेच बघायचंय. बंद पडली तर क्लच जिवंत, नाही पडली तर मेला.

मी क्लच सोडला. हळूहळू असं मला वाटलं होतं. माझा हँडब्रेकही माझ्यासारखाच ढिला निघाला. गाडीने एक उडी मारली, सुनीताची कोरफडीची कुंडी आडवी केली आणि बंद पडली. सुनीता बाहेर आली. नानांचा चेहरा उजळला होता.

"जित्ता शे," ते तिला म्हणाले. "क्लच जित्ता शे." मग माझ्याकडे वळून त्यांनी निकाल दिला, "बठ्ठा दोष तुमना पायना शे."

म्हणजे सगळा दोष माझ्या पायाचा. प्लेट ठीक होती. वायर जास्त ताणलेली होती, त्यामुळे पेडल सोडलं तरी क्लच पुरता धरत नव्हता, आणि त्यात वर माझा पाय. नानांनी गिअरबॉक्सपाशी असलेले वायरचे दोन नट दाखवले. एक सैल करायचा, दुसरा फिरवायचा, मग पहिला परत कसायचा. काम एवढंच. पण त्याआधी त्यांनी वायर काढली, उभी टांगली आणि म्हशींना टोचायच्या मोठ्या सिरिंजने तिच्या नळीत थेंब थेंब तेल सोडलं. तेल खालून टिपकेपर्यंत आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर बसतात तसे ओट्यावर बसलो होतो. वायर बसवून झाल्यावर पेडल लोण्यासारखं खाली गेलं. त्यांना वाकून नमस्कार करायचाच बाकी होता.

काम तिथे संपायला हवं होतं. पुढच्या रविवारी नाना परत आले. म्हणाले, अजून थोडा खाली घेऊ. म्हणजे पेडल वर येताना क्लच जिथे धरतो, ती जागा आणखी खाली, जमिनीजवळ आणू. मला गाडी अगदी छान चालते आहे असं वाटत होतं, पण डॉक्टरला पेशंटने काय सांगायचं? त्यांनी नट फिरवला. मी चालवून पाहिली. रिव्हर्स टाकताना अशी कर्कश किरकिर झाली की देवरे वकील गच्चीवर आले. नाना म्हणाले, दात खायनी, जरा जास्त झालं. नट थोडा मागे. मग त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा थोडा पुढे. असे कितीतरी रविवार गेले. माझ्या गाडीचा क्लच कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीसारखा वरखाली होत राहिला.

मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी सुखावलो होतो. एक निवृत्त माणूस आपला रविवार माझ्या गाडीसाठी खर्च करतो, म्हणजे माझ्यात काहीतरी असणारच. स्टाफरूममध्ये मी क्लचवर बोलू लागलो. पेडल, नट, वायरचा ताण, असं मी इतक्या ठामपणे सांगायचो की आमचे महाजन सर भुलले. त्यांनी माझ्या सल्ल्याने स्वतःच्या गाडीचा नट स्वतः फिरवला. पारोळा रोडवर त्यांची गाडी गिअरमध्ये जाईना. मी कुठल्या बाजूला फिरवायचा ते उलटं सांगितलं होतं. त्यानंतर महाजन सर माझ्याशी फक्त परीक्षेच्या कामापुरते बोलतात.

मग पट्टीचा प्रकार सुरू झाला. एका रविवारी नाना पान्यांच्या पिशवीबरोबर क्रेप बँडेज आणि लाकडी फूटपट्टी घेऊन आले. म्हणाले, तुमच्या पायाची सवय मोडायची आहे. मला सीट मागे सरकवून बसवलं, डावा पाय जवळजवळ सरळ करायला लावला, गुडघ्यामागे पट्टी ठेवली आणि वरून बँडेज गुंडाळलं. म्हशीचा मोडलेला पाय ते असाच बांधत असावेत, इतक्या सफाईने. गुडघा जेमतेम थोडासा वाकत होता. आता चालवा, म्हणाले.

कॉलनीच्या मागे मोकळा भूखंड आहे. तिथे मी त्या बांधलेल्या पायाने फेऱ्या मारल्या. नाना शेजारी बसून माझ्या गुडघ्याकडे बघत होते, रस्त्याकडे नाही. गुडघा किती उचलावा लागला, कुठे ओढ बसली, पाय पेडलवरून काढताना दुखलं का, असं विचारत होते. पेडल वरपर्यंत आलं की गुडघा मुडपतो आणि पट्टी टोचते, असं मी सांगितलं की ते गाडी थांबवायचे, बॉनेट उघडायचे आणि नट इतकासा फिरवायचे. भूखंडाच्या कडेला आमच्या बी. कॉम.च्या वर्गातल्या मुली स्कूटी थांबवून उभ्या होत्या. सोमवारी वर्गात एकीने अतिशय सहानुभूतीने विचारलं, सर, पाय कसा आहे. मी म्हटलं, सवय मोडतोय. वर्ग का हसला, ते मी विचारलं नाही.

आता सुनीताकडे येतो. सुनीता मुळात कामाची बाई, ती रविवारी आमच्या खेळाकडे बघत बसत नाही. एके दिवशी तिने वांग्याचं भरीत केलं आणि वाटी घेऊन ती अक्कांकडे गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती ओट्यापाशीच उभी राहिली. मग तिने मला सगळं सांगितलं.

अक्का गाडी विकणार होत्या. चोपड्याचे एक केळीवाले शेतकरी मुलीला गाडी शिकवण्यासाठी जुनी गाडी शोधत होते, ते पुढच्या आठवड्यात बघायला येणार होते. सुनीताने विचारलं, का विकता? अक्कांनी सांगितलं की ऑपरेशननंतर गुडघा ठरावीक जागेपर्यंतच वाकतो. बरं वाटायला लागल्यावर त्यांनी एकदा गाडी काढून पाहिली होती. फाटकातून बाहेर पडताना क्लचवरचा पाय वर यायला हवा होता तेव्हा आला नाही, मग कळ आली तसा एकदम सुटला, आणि गाडी फाटकाच्या खांबावर गेली. लागलं कोणालाच नाही. पण अक्कांनी किल्ली कपाटावर टाकली आणि नानांना सांगितलं की या गाडीला आता हात लावायचा नाही. तेव्हापासून त्या घरात आहेत. विहारात रविवारी वंदनेला जायच्या, तेही बंद. नाना रिक्षा आणतो म्हणतात. त्या म्हणतात, मला कोणी उचलून नेल्यासारखं न्यायचं नाही.

"आणि त्यांची गाडी आपलीच आहे," सुनीता म्हणाली.

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं की खोळ वाऱ्याने उडाली होती तेव्हा तिने पाहिली. तीच कंपनी, तेच मॉडेल, आपल्यासारखीच.

मी खुर्चीत बसलो. माझ्या गाडीचा क्लच इतके रविवार कोणासाठी वरखाली होत होता, आणि माझ्या पायाला बांधलेला गुडघा कोणाचा होता, हे मला एकदम समजलं. घसाऱ्याच्या प्राध्यापकाला हे कळायला एक भरताची वाटी लागली.

मी नानांकडे गेलो. ते मागच्या अंगणात, आमच्या गाडीतून काढलेली जुनी रबरं पुसत बसले होते. मी सरळ विचारलं, हा पाय माझा नाही ना. त्यांनी खोटं सांगितलं नाही. आत अक्का झोपल्या आहेत का, याचा कानोसा घेतला आणि मग हळू बोलू लागले. तिच्या गाडीला हात लावला असता तर तिला कळलं असतं. आणि हात लावून जमलं नसतं, तर ती दुसऱ्यांदा हरली असती. मला तर चालवून बघता येत नाही. तुमची गाडी तीच, तुम्ही मनाने सरळ, पायाने वाकडे. तुमच्यावर करून बघितलं.

"माझा उंदीर केला तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी हातातलं रबर खाली ठेवलं. मग अहिराणीतच म्हणाले, "ती दिनभर खिडकीमा बसस. शाळानी गाडी गई का उठी पाहास. माले ते पाहवास नई."

मी विचारलं, किती काम राहिलं आहे. ते म्हणाले, तुमच्या गाडीवर झालंय. आता तिच्या गाडीवर करायचं आणि तुम्ही पट्टी बांधून एकदा फिरवून बघायची. मी म्हटलं, केव्हा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पहिल्यांदाच कॉमर्सच्या पलीकडचं काहीतरी येत असल्यासारखं वाटलं.

अक्कांना घराबाहेर काढायचं काम सुनीताने घेतलं. ती संगमनेरची, तिला आमच्या खान्देशी बिबड्या येत नाहीत. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर पातळ थापून उन्हात वाळवायचं, एवढंच तिला ऐकून माहीत. तिने अक्कांना सांगितलं, पीठ शिजवलं आहे, पण चिकटतंय, तुम्ही नुसतं येऊन बघा. अक्का म्हणाल्या, मी इथूनच सांगते. सुनीताने इथूनच ऐकून केलं आणि पीठ मुद्दाम नव्हे तर खरोखरच बिघडवलं. मग मुख्याध्यापिकेला राहवलं नाही. काठी टेकत, पायरी पायरी उतरत अक्का आमच्या गच्चीच्या जिन्याखालच्या अंगणात आल्या, खुर्चीवर बसल्या आणि सुनीताची शिकवणी सुरू झाली.

तेवढ्यात इकडे आम्ही खोळ काढली. नानांनी गाडीवर हात ठेवला. या वेळी पेला आणला नव्हता, कानही लावला नाही. सरळ कामाला लागले. वायरला तेल, नट तेवढाच फिरवलेला, पेडलची बिजागरी साफ. बॅटरी माझ्या गाडीवरून चालू करून घेतली. मी पट्टी बांधून गाडी मागच्या फाटकाने भूखंडावर नेली. पाय सरळ ठेवून पेडल दाबलं की गिअर बिनआवाज पडत होता. पाय जरासा उचलला, अगदी जरासा, की क्लच धरत होता. गुडघा मुडपायची वेळच येत नव्हती. मी सांगितलं तेव्हा नाना बॉनेटखाली वाकले. नट कसल्याची खात्री त्यांनी पुन्हा पुन्हा केली.

पुढच्या रविवारी चोपड्याचे पाहुणे आले. शांत, पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ. त्यांनी गाडी बाहेरून पाहिली, टायर पाहिले आणि म्हणाले, एक चक्कर मारून दाखवता का. मी पुढे झालो. नानांनी मला हाताने मागे सारलं आणि पाहुण्यांना सांगितलं की गाडी आमच्या मंडळीची आहे, तीच दाखवेल.

अक्का दारात काठी धरून उभ्या होत्या. त्यांनी नानांकडे असं पाहिलं की मी त्या शाळेत असतो तर लघवीची परवानगी मागून बाहेर पळालो असतो. म्हणाल्या, तुम्हाला माहीत आहे मी चालवत नाही. नाना म्हणाले, फाटकाबाहेर काढून दे फक्त. गाडी विकायची तर चालते हे दाखवायला नको? परक्या माणसासमोर वाद घालणाऱ्यांतल्या अक्का नव्हेत. त्या आल्या. काठी नानांच्या हातात दिली. सीट आधीच मागे सरकवलेली होती, ती त्यांनी पाहिली आणि पाय सरळ करून त्या बसल्या. पाहुणे शेजारी बसले. अक्कांनी पेडल दाबलं, पहिला गिअर टाकला. मी माझा डावा पाय जमिनीवर घट्ट दाबून उभा होतो.

गाडी फाटकातून बाहेर पडली. खांबापासून सरळ, न धक्का देता, उतारावरून पाणी जावं तशी. नाक्यावर क्षणभर थांबली. मला वाटलं आता परत वळेल. ती उजवीकडे वळून दिसेनाशी झाली.

नाना फाटक धरून उभे राहिले. सुनीताने खुर्ची आणली, ते बसले नाहीत. पाणी दिलं, तो पेला हातातच राहिला. मला वाटलं आवाज ऐकत असतील, पण त्यांचं लक्ष कशाकडेच नव्हतं. गाडी परत आली ती आमच्या देवपूर भागाच्या दुसऱ्या टोकाला वळसा घालून, अगदी उलट्या बाजूने. अक्कांचं तोंड लाल झालं होतं, उन्हाने म्हणा. पाहुणे उतरले. मोठ्या अदबीने म्हणाले की अक्का, गाडी तुम्ही फार चांगली ठेवली आहे, तुमचा हातही फार चांगला आहे, पण क्लच पार जमिनीतून उगवतो, माझ्या पोरीला यावर शिकता यायचं नाही. चहा घेऊन ते निघून गेले.

अक्का अजून स्टिअरिंगवरच होत्या. त्यांनी काच खाली केली.

"क्लच खाली कोणी घेतला?"

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, सरांना रिव्हर्स टाकता येत नाही, मी खिडकीतून रोज बघते. मग त्या नानांकडे बघत राहिल्या. नाना त्यांची काठी दोन्ही हातांत धरून उभे होते, साहेबांसमोर शिपाई उभा राहतो तसे.

"बसा," अक्का म्हणाल्या.

नाना बसले. गाडी पुन्हा गेली. कुठे चाललात, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. सुनीता म्हणाली, विहारात गेल्या असतील. जेवणाची वेळ झाली, टळली. उन्हं कलायला लागली तरी गाडी नव्हती. मी दोनदा नाक्यापर्यंत जाऊन आलो. नट सैल झाला असेल, किंवा मीच पट्टीच्या पायाने काहीतरी चुकीचं सांगितलं असेल, असं सारखं मनात येत होतं.

चारच्या सुमारास गाडी हळूहळू वळली आणि फाटकासमोर थांबली. मी धावत गेलो. अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

नाना झोपले होते. मान खिडकीकडे कललेली, तोंड थोडं उघडं, काठी अजून मांडीवर.

अक्का अगदी हळू बोलल्या. विहारापर्यंतही पोचलो नाही, त्याआधीच डोळा लागला त्यांचा. माझ्या ऑपरेशनपासून हा माणूस धड झोपलेला नाही. रात्री मी कूस वळले तरी उठून बसतो, पाणी देऊ का म्हणतो. म्हणून मग मी थांबलेच नाही. पारोळा गेलं, माझी शाळा गेली, एरंडोलला जाऊन वळले.

मी म्हटलं, अक्का, आता उतरा, तुमचा पाय दुखत असेल. त्यांनी मान हलवली. इंजिन चालूच होतं, गाडी बारीक थरथरत होती.

"बंद केलं तर जागे होतील," त्या म्हणाल्या. "सुनीताला म्हणावं, माझा चहा इथेच आण."